एक पत्ता, बिऱ्हाडं अनेक

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांचा घरक्रमांक एकच असायचा आणि आत बिऱ्हाडं मात्र पंधरा-वीस. बाहेरच्या जगाला वाड्याचा क्रमांक तेवढा ठाऊक. आलेलं पत्र जिन्याखालच्या बिऱ्हाडाचं की माडीवरच्या, हे दिंडीदरवाजाशी बसलेलं कुणीतरी सांगायचं. इंटरनेटच्या जगात हेच काम करणाऱ्या युक्तीला नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन म्हणतात. लाडकं नाव नॅट. आज घरोघरी कपाटावर दिवे लुकलुकवत बसलेला राउटर ती युक्ती मुकाट्याने करत असतो, त्यामुळे तिची चौकशी कुणी करत नाही. आम्ही दोघांनी मात्र ती स्वतःच्या हातांनी दोनदा मांडली, एकदा इथे न्यू जर्सीत आणि एकदा सांगलीच्या घरासाठी. दुसऱ्या वेळी जे ध्यानात आलं, ते मंडळातल्या पुष्कळांच्या उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात अशी युक्ती लागावी का? इंटरनेटचा जुना पत्ता म्हणजे ३२ बिटांचा आकडा. असे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६. १९८१ मध्ये हा नियम लिहिला गेला तेव्हा एवढे पत्ते म्हणजे न संपणारी दौलत वाटली असणार. वाटपही तसंच सढळ हाताने झालं. एकट्या एमआयटीकडे १८ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते होते! (त्यातले बरेचसे त्यांनी २०१७ मध्ये विकायला काढले.) पत्ते पुरणार नाहीत हे कळायला लागल्यावर मे १९९४ मध्ये ईगेव्हांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅटचा प्रस्ताव मांडला, तोही तात्पुरता उपाय म्हणून. फेब्रुवारी १९९६ मध्ये काही पत्ते घरगुती वापरासाठी कायमचे राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले. हे पत्ते कुणीही आपापल्या घरात वापरावेत, बाहेरच्या रस्त्यावर त्यांना किंमत नाही. पावसाळ्यापुरता पत्रा टाकावा आणि त्याखाली तीस वर्षं संसार व्हावा, तसं या तात्पुरत्या उपायाचं झालं.

आमच्या बेसमेंटमध्ये तो पत्रा २००० साली पडला. केबल कंपनी पत्ता देणार एक आणि घरात संगणक तीन. एका जुन्या पेंटियमवर लिनक्स चढवलं आणि त्यात दोन नेटवर्क कार्डं बसवली. एक केबल मोडेमकडे तोंड करून, दुसरं घराकडे. घराकडच्या कार्डाला १९२.१६८.१.१ हा पत्ता दिला आणि बाकीच्या संगणकांना सांगितलं, बाहेर जायचं असेल तर याला विचारून जा.

पुढचं काम दोन ओळींचं. पहिली ओळ: एका कार्डावर आलेलं पाकीट दुसऱ्या कार्डावर सोडायला लिनक्स आपण होऊन तयार नसतं, त्यासाठी एका फाइलीतल्या शून्याचा एक करावा लागतो. दुसरी ओळ नियमाची: १९२.१६८.१ कडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला सोंग चढवा. लिनक्सवाल्यांनी या प्रकाराचं नावच मास्करेड ठेवलं आहे. सर्व्हर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, पोर्टचा क्रमांक बदलतो आणि वहीत नोंद करतो. त्या वेळच्या आवृत्तीत ६१,००० पासून पुढचे ४,०९६ क्रमांक यासाठी ठेवलेले होते. ६१,००५ वर उत्तर आलं, की वही उघडायची, ते चिरंजीवांच्या संगणकाचं आहे हे पाहायचं आणि आत पोहोचतं करायचं.

काही पत्रांत पत्ता पाकिटावर नसून आतल्या मजकुरातही असतो. एफटीपीने फाइली आणताना तसं होई, म्हणून सर्व्हरला पाकीट उघडून आतला पत्ताही बदलायला शिकवणारं वेगळं मॉड्यूल होतं. क्वेक या खेळासाठीही तसंच मॉड्यूल होतं. आमच्या घरात पहिलं कोणतं बसवलं गेलं हे चिरंजीवांचं तेव्हाचं वय तेरा होतं एवढं सांगितलं की पुरे. नियम लिहायचं हत्यार पुढे बदलत गेलं. आम्ही सुरुवात केली आयपीचेन्सने, जानेवारी २००१ मध्ये आयपीटेबल्स आलं, जानेवारी २०१४ मध्ये एनएफटेबल्स. पातेलं बदललं, आमटी तीच.

या वहीचा एक स्वभाव मात्र नीट समजून घ्यावा लागतो. तिच्यात नाव असतं ते फक्त आतून बाहेर गेलेल्यांचं. बाहेरून न बोलावता कुणी दारात आलं, तर ते कुणाकडे आलंय हेच वहीला माहीत नसतं आणि पाहुणा उभ्या उभ्या परत जातो. पुष्कळांना त्यामुळे नॅट म्हणजे कुलूप वाटतं. तसं ते नाही. त्याच तारेवरच्या शेजाऱ्याने आतला पत्ता घालून पाकीट आणून दिलं, तर नॅट त्याला अडवत नाही. त्यासाठी नोंद नसलेलं काहीही आत सोडू नका, असा फायरवॉलचा नियम वेगळा लिहावा लागतो. आणि एखाद्याला आत यायची मुभा द्यायचीच असेल, तर अमुक पोर्टवर येईल त्याला तमुक बिऱ्हाडात पाठवा, असाही नियम लिहिता येतो. अट एवढीच, की बाहेरचा दरवाजा आपला हवा.

सांगलीत नेमकी तीच अट आडवी आली.

सांगलीच्या आई, म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. वय ८३, निवृत्त मराठी शिक्षिका. एकट्या राहतात आणि संगणकावर आठवणी टाइप करतात. काही अडलं की धावून येणारा शेजारचा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. शिवाय ऑगस्ट २०१९ च्या महापुराची धास्ती मनात होतीच. आयर्विन पुलाजवळची पातळी आम्ही इथे रात्र रात्र जागून पाहत होतो आणि आईंचा फोन दोन दिवस लागत नव्हता. घर थोडं उंचावर म्हणून निभावलं. पण त्या घराशी आणखी एखादी वाट हवी, हे तेव्हाच ठरलं.

डिसेंबर २०२२ मध्ये गेलो तेव्हा पत्त्यांच्या जोडाएवढा एक रास्पबेरी पाय बॅगेत नेला. आईंच्या राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे आईंचा राउटर हा वाडा, आणि तो वाडा कंपनीच्या आणखी मोठ्या वाड्यात! आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे पत्ते एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव साठ्यावर आले होते, तेव्हा कंपनीने तरी काय करावं? आपली कडी काढून ठेवली तरी गल्लीच्या तोंडाशी दुसरं फाटक, आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही.

बाहेरून आत जाता येत नसेल तर आतून बाहेर यावं, एवढाच मार्ग उरतो. मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच वायरगार्ड आलेलं आहे. आमच्या बेसमेंटच्या सर्व्हरला खरा पत्ता आहे, त्यावर ५१,८२० हे एक पोर्ट उघडलं. सांगलीचा पाय तिकडून त्या पोर्टवर हाक मारतो. वाटेतल्या दोन्ही वह्यांत त्याची नोंद होते आणि त्याच नोंदीच्या आधाराने आम्ही उलटं आत जातो. पण वह्या विसराळू असतात. अशी वाट गप्प राहिली तर बऱ्याच वह्या अर्ध्या मिनिटात नोंद पुसतात. म्हणून पायला सांगून ठेवलं, काम असो-नसो, दर २५ सेकंदांनी एक हाक मारायची.

दोन बारकावे राहिले. आईंच्या घरातही १९२.१६८.१ आणि आमच्याही. दोन्ही घरांत आतले पत्ते सारखेच असतील तर पाकीट इथल्या इथेच फिरत राहतं. त्यांच्या घरातलं काही हलवायचं नाही असं ठरवून आमचं १९२.१६८.४० केलं. आणि पायवर तोच बावीस वर्षांपूर्वीचा मास्करेडचा नियम लिहिला. त्यामुळे आईंच्या संगणकाला आम्ही न्यू जर्सीहून आलेले वाटतच नाही, घरातलेच वाटतो.

हे त्यांना समजावून सांगताना आम्हाला जुने रविवार आठवले. नव्वदच्या दशकात इथून फोन करणंच महाग होतं, आणि तिकडून इकडे करणं तर पेन्शनमध्ये बसणारं नव्हतंच. इथल्या रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, त्या फोनजवळ खुर्ची घेऊन बसायच्या. बोलणं सुरू करणारे नेहमी आम्ही. आम्हाला उशीर झाला तर वाट पाहण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसे.

सगळं ऐकून घेतल्यावर आईंनी विचारलं, "म्हणजे दर पंचवीस सेकंदांनी हे आमच्याकडून तुम्हाला 'ओ' देणार. ते तुम्ही बघणार का पण?"

बघतो. शेवटचं हस्तांदोलन किती वेळापूर्वी झालं ते सर्व्हर सांगतो. आकडा एक-दोन मिनिटांचा असला की चहा पुढे सुरू. गेल्या जूनमध्ये तो दोन तासांवर गेला तेव्हा लगेच फोन लावला. "अरे, वळीव झालाय, लाइट गेलेत. जेवलात का तुम्ही?"

देशात आईवडील एकटे असतील त्यांनी पुढच्या खेपेला राउटरचा बाहेरचा पत्ता जरूर पाहावा. तो १०० ने सुरू होत असेल तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नये, हाक आतूनच मारावी लागेल. १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांची जोडणी मिळत असेल तर उत्तम, तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा क्रमांक असतो. कुलूप मात्र तिथेही लागतंच. आईंच्या जोडणीवर ती मिळाली नाही.

आणखी एक. आईंची अट आहे, संगणकात शिरायच्या आधी फोन करून विचारायचं. "वाट असली म्हणून कुणी न विचारता आत येतं का?" त्यामुळे आम्ही आधी फोन करतो. अलीकडे त्याच सांगतात, "संगणक बरा आहे. तुम्ही बोला."