चार्जिंगच्या मुखाची डागडुजी

खटाव तालुक्याच्या या अवर्षणग्रस्त मुलखात, जिथे धूळ माणसाच्या खिशातही बिनदिक्कत वस्ती करते, फोनचे चार्जिंग थांबल्यावर नव्याची तजवीज करण्यापूर्वी वडूजच्या कारागिराकडे जावे. माझ्या फोनच्या वेळी त्याने भिंगाखाली सुईने चार्जिंगच्या मुखातला मळ काढून पाहिला (पुष्कळ दुखणी एवढ्यावरच बरी होतात). तरीही वीज शिरेना, तेव्हा पाठीचे झाकण ऊब देऊन सैल केले, बॅटरीची जोडणी आधी सोडवली, आणि उष्ण हवेच्या झोताने त्या मुखाचा जुना जॅक उचलून, फ्लक्स लावून, नवा डाखला. टाइप-सीच्या त्या चिमुकल्या मुखात २४ संपर्कबिंदू असतात! युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना हेच मुख सक्तीचे केले, हा हुकूम मला कित्येक तहनाम्यांहून अधिक शहाणपणाचा वाटतो. मजुरी माफक होती. तीतही शेजारच्या गिऱ्हाइकाने चालवलेली घासाघीस मला रुचली नाही.