गोंदियाची कॉफी

मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस, या दोन्ही गाड्या महाराष्ट्र आडवा तुडवून जेथे विसावतात ते स्टेशन म्हणजे गोंदिया. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि तेंदूपानांचा. नवेगावबांधचा तलाव, नागझिऱ्याचे जंगल पाहायला लोक दुरून येतात. मी मात्र गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी तेथे उतरलो तो बहिणीकडे, आणि तोही कॉफीच्या कामासाठी!

हसू नका, मंडळी. आमचे भावजी जन्मभर राइस मिलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. कॉफीचा घोट त्यांनी कधी घेतला नव्हता. पण पुण्यात नोकरीला असलेली त्यांची एकुलती एक लेक आदल्या दिवाळीत चौथ्याच दिवशी परत निघाली आणि जाताना थट्टेने म्हणाली, "बाबा, इथे कॉफी कुठे मिळते?" ती विसरून गेली, भावजी विसरले नाहीत. वर्षभर पैसा पैसा बाजूला टाकून त्यांनी दहा हजार रुपये साठवले होते, आणि एस्प्रेसोच्या एका यंत्राची जाहिरात कापून ठेवली होती. तीवर ठळक अक्षरांत '१५ बार' असे छापलेले.

मी त्यांना समजावले, "भावजी, सुमारे ९ बार दाबाने, ९० ते ९६ अंश तापलेले पाणी कॉफीच्या पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत काढले की एस्प्रेसो होते. पंधरा हा पंपाचा जोर. कॉफीवर नऊच पुरेत. खरी मेख दळण्यात आहे. जाड दळली तर पाणी धावत सुटते आणि कॉफी आंबट, पाणचट होते. फार बारीक दळली तर पाणी तुंबते आणि ती कडू होते. सगळे पैसे यंत्रात घातले तर दळायचे कशावर? मिक्सरमध्ये रवा आणि पीठ एकत्रच निघते."

भावजींचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आमच्या रबर रोलसारखंच म्हणा की!"

दुसऱ्या दिवशी ते मला आपल्या जुन्या मिलमध्ये घेऊन गेले. हवेत कोंड्याची धूळ आणि नव्या तांदळाचा वास. दोन रबरी रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांच्या फटीतून धान जाते. फट आवळली तर कणी पडते. सैल सोडली तर टरफल तसेच राहते. "ही फट बसवता येणाऱ्या माणसाला मिलमध्ये मान असते," भावजी म्हणाले.

तेव्हा ठरले ते असे: पोलादी दात्यांची, जाडी कमीजास्त करता येणारी एक हातचक्की आणि एक मोका पॉट. मोका पॉट हे अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाने १९३३ साली इटलीत निघालेले भांडे. त्यात दाब एक-दोन बारच येतो, म्हणून ती खरी एस्प्रेसो नव्हे. पण दुधाला पुरून उरेल इतकी दाट होते. उरलेल्या पैशांत चिकमगळूरच्या बिया मागवल्या, भाजल्याची तारीख पाहून आणि महिन्याभरात संपतील इतक्याच.

रीत सोपी आहे. खालच्या भागात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी. चाळणीत कॉफी सपाट भरावी, दाबू नये. दळण मिठाहून किंचित बारीक. गॅस मंद. खळखळ सुरू होताच भांडे उतरवावे. ॲल्युमिनियमचे भांडे साध्या इंडक्शन शेगडीवर तापत नाही, हेही ध्यानात असू द्या. आमची पहिली कॉफी आच मोठी ठेवल्याने करपली, पाचवी जमली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर भाची स्वयंपाकघरात आली तो बाबा चक्की फिरवीत बसलेले. एक घोट घेऊन ती म्हणाली, "थोडी कडू आहे, बाबा." भावजींनी चक्कीचा काटा एक घर सैल केला आणि पुन्हा दळायला घेतले. ती काही न बोलता त्यांच्याशेजारी पाटावर बसली. तिच्या आग्रहाने त्यांनीही तीन चमचे साखर घालून कॉफी घेतली आणि तोंड वाकडे केले.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने शुक्रवारचे तिकीट रद्द करून रविवारचे काढले. ते कॉफीमुळेच, असे मी म्हणणार नाही. ताईने मात्र त्या रात्री चक्की पुसून देवघराशेजारच्या फळीवर ठेवली.