करंगळी, कीबोर्ड आणि सायकलचं हँडल

मंडळी, सायकलवर लांब जायचं म्हटलं की लोक गिअर किती, वजन किती, किंमत किती यावर तासभर बोलतात. हँडल किती उंच असावं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारते करंगळी!

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर करून आलो आणि सोमवारी ऑफिसात एंटर दाबला, तर दाबला गेला की नाही हेच कळेना. करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर. ज्याचं पोट कीबोर्डवर चालतं त्याची अशा वेळी चांगलीच टरकते. या दीड बोटाची नस, अल्नर नर्व्ह, तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाते, आणि तासन्‌तास हँडलचा दाब पडतो तो नेमका तिथेच.

आता हे डीबग कसं करायचं? गंमत म्हणजे सुरुवात हँडलपासून नाही, सीटपासून होते. जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि ०.८८३ ने गुणा. हे सूत्र अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं. ८० सेमी असेल तर क्रँकच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६ सेमी. ही फक्त सुरुवात, पुढे गुडघे सांगतील तसं थोडं वर-खाली. मग सीटचा उतार. दुकानातून आली तेव्हा माझ्या सीटचं नाक खाली झुकलेलं होतं. म्हणजे माणूस सतत पुढे घसरणार आणि हात त्याला मागे रेटणार! सीट सपाट केल्यावर निम्मं काम झालं.

मग हँडल. स्टेमच्या वरच्या चकत्या काढून खाली घातल्या, हँडल २ सेमी वर आलं. पुढची नळी तिरकी असते, त्यामुळे ते वर येताना साधारण ६ मिमी जवळही आलं. एका बदलात दोन फायदे. सपाट हँडलवर हात एकाच जागी अडकतात, म्हणून टोकांना बार-एंड लावले. आता दर दहा मिनिटांनी पकड बदलता येते.

सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कळत नाही. म्हणून दर शनिवारी एकच बदल आणि तोच खडकवासल्याचा रस्ता. आधीच्या जागेवर इन्सुलेशन टेपची खूण, म्हणजे आपलं व्हर्जन कंट्रोल. चाचणीही सोपी: मोकळ्या सपाट रस्त्यावर पेडल मारता मारता हात हँडलवरून क्षणभर हलके करायचे. अंग पुढे कोसळत असेल तर भार अजून हातांवरच आहे.

चौथ्या शनिवारपर्यंत बोटं ताळ्यावर आली. तुमची येत नसतील तर मात्र पाना बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आणि हो, हँडल मनासारखं बसलं म्हणून स्टेमच्या वर उरलेली नळी लगेच कापून घेऊ नका. दोन-तीन लांबचे दौरे होऊ द्या. करवतीला कंट्रोल-झेड नसतं!