अर्ध्याचे अर्धे

आमच्या घरातला संगणक एकदम मुका झाला असता, तर मी त्याच दिवशी कोणाला तरी बोलावले असते. पण तो मुका झाला नव्हता. नुसता हळू बोलू लागला होता. आणि जी वस्तू पुरती मोडत नाही, निम्मीच बिघडते, तिच्याकडे संसारी माणूस सहसा लक्ष देत नाही. टेबलाचा पाय डगमगू लागला की आपण त्याखाली कागदाची घडी सारतो. संगणकाचा आवाज खाली गेला तेव्हा आम्ही खुर्ची पुढे ओढली. बातम्या ऐकायच्या त्या स्पीकरला कान लावूनच, अशी सर्वांना सवय होऊन गेली. "स्पीकर जुने झाले," हे निदान माझे होते. आणि शाळामास्तराने केलेले निदान त्याच्या घरात कोणी तपासून पाहत नाही.

ही सवय मोडली माझ्या धाकट्या बहिणीने. आषाढातल्या एका रविवारी ती पुण्याहून आली, ती मुद्दाम आईचा आवाज ऐकायला. आई फाल्गुनात गेली. त्याआधीचे सात-आठ महिने ती अंथरुणावरच होती. तिला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांच्या पुढाकाराने खेडोपाडच्या बायकांच्या अशा लाखाहून अधिक ओव्या जमविण्यात आल्या, हे माझ्या मुलीने कोठेसे वाचले होते. "मग आपल्या आजीच्याच तेवढ्या का राहाव्यात?" असे म्हणून तिने एका दुपारी उशाशी मोबाईल ठेवून आईला गायला लावले. पुढे तो मोबाईल पावसात भिजून निकामी झाला. पण गाणे तिने आधीच संगणकात उतरवून ठेवले होते, म्हणून वाचले.

बहीण खुर्ची ओढून बसली. मुलीने गाणे लावले. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता, आणि त्यात कोणीतरी दूर, भिंतीपलीकडे गुणगुणत असल्यासारखे काही ऐकू आले. बहिणीने डोळे मिटून कान दिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दादा, किती खोल गेला होता रे आईचा आवाज! इतकी थकली होती, हे मला कोणी सांगितलंच नाही."

त्यावर मी काय बोलणार? संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली, पण मला काही चैन पडेना. आई थकली होती, हे खरे. पण तिचा आवाज खोल गेला नव्हता. अगदी माघापर्यंत ती अंथरुणावरून स्वयंपाकघरात हाक मारी, आणि ती हाक शेजारच्या बिऱ्हाडातही ऐकू जाई. यंत्राच्या दोषाचे खापर आम्ही गेलेल्या माणसाच्या माथी फोडत होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नवे स्पीकर घ्यायला गेलो. दुकान माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे. "देतो, सर," तो म्हणाला, "पण जुन्यांना काय झालंय ते आधी बघू या. नाहीतर नवेही तसेच बोलायचे." दुकानदाराच्या तोंडून असे वाक्य ऐकल्यावर मला माझ्या अध्यापनाविषयी किंचित अभिमान वाटला, हे कबूल करतो.

रात्री तो घरी आला. प्रथम त्याने संगणकाच्या पाठीमागच्या हिरव्या भोकातली पिन काढून पुन्हा घट्ट बसवली. "ही अर्धवट राहिली, सर, तर मोठी गंमत होते. वाद्यं ऐकू येतात आणि गाणाराच नाहीसा होतो." गाणाऱ्याचा आवाज बहुधा डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, दोन्हींची समाईक तार सुटली की त्या बाजू एकमेकींना वजा करतात आणि सारखे असते तेवढे पुसून टाकतात. पण आमची पिन पक्की होती.

मग त्याने स्पीकरच्या तोंडावरची चकती पाहिली. ती निम्म्यावर होती.

"ही कोणी खाली आणली?"

"मीच," ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "दुपारी आईंचा जरा डोळा लागायचा, म्हणून."

त्याने पडद्याच्या कोपऱ्यातले स्पीकरचे चित्र दाबले. तेथला आकडा 50. हा अपराध माझा. रात्री मी लिहीत बसलो असता मध्येच यंत्राची घंटा टणकन वाजे आणि आई दचकून उठे. म्हणून मी तो खाली ओढला होता. त्याच चित्रावर उजवी कळ दाबल्यावर आणखी एक तक्ता उघडला. 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक कार्यक्रमाच्या आवाजाला स्वतंत्र पट्टी असते, हे मला तेव्हा कळले. गाणी वाजवणाऱ्या कार्यक्रमाची पट्टी निम्म्यावर. चिरंजीव खाली मान घालून म्हणाले, "आजी झोपली होती, तेव्हा मी केली होती." शेवटी खुद्द गाण्याच्या चौकटीत एक लहानसा दांडा होता. तोही मध्यावर, तो मुलीचा.

एकूण चार ठिकाणी चौघांनी आवाज निम्मा केला होता, आणि एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. प्रत्येकाला वाटले, आपण थोडासाच कमी केला. पण ही बेरीज-वजाबाकी नव्हे, गुणाकार आहे. अर्ध्याचे अर्धे, त्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे. म्हणजे रुपयातला एक आणा. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर मांडतो!

आपला कान मात्र इतक्या सरळ हिशोबाने चालत नाही. आवाज दुप्पट वाटायला ध्वनीची शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून तो मोजायचे माप वेगळे. त्या मापाला, डेसिबेलला, टेलिफोन काढणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचे नाव दिले आहे. बेलही मास्तरच, बहिऱ्या मुलांना शिकवणारा. त्याच्या आईला जवळजवळ ऐकू येत नसे. इतर लोक तिच्या कर्ण्यात ओरडत. बेल तिच्या कपाळाशी तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोले, आणि ते तिला पोचे. आईपर्यंत आपला आवाज जावा म्हणून त्याची धडपड. तो जाऊ नये म्हणून आमची!

निघण्यापूर्वी त्या मुलाने मला आणखी एक जागा दाखवली. "हे तुमच्याकडचं कारण नव्हतं, सर, पण माहीत असू द्या." संगणकावरून कोणाशी फोनवर बोलणे चालू झाले की बाकीचे आवाज आपोआप 80 टक्क्यांनी कमी करण्याची सोय तेथे आहे. यंत्राला एवढी रीतभात कोणी शिकवली, असे मी विचारणार होतो, तोच तो पुढे म्हणाला, "आणि बोलणं संपलं की होता तेवढा करतं."

हे आम्हां चौघांपैकी एकालाही सुचले नव्हते. आजारी माणसासाठी आवाज खाली आणला, त्यात काही गैर नव्हते. पण आई जाऊन चार महिने झाले, तरी कोणी तो वर नेला नव्हता. नुसत्या संगणकाचेच कशाला? आम्ही बोलत होतो तेही दबूनच. दार लावताना अजून कडी हाताने धरून लावत होतो.

मुलीने चारही पट्ट्या वर नेल्या आणि गाणे पुन्हा लावले. आईचा खणखणीत आवाज खोलीत भरला. ही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. ओवी संपली. एरवी आम्ही तेथेच बंद करत असू. त्या दिवशी कोणाचा हात पुढे झाला नाही. आणि ओवीनंतर आई बोलताना ऐकू आली:

"बंद कर ग आता. पण मला सांग, घर असं गप्प का? पूर्वी त्या खोक्यातून गाणी लागायची, तुझी आई भांडी आपटायची, तुझा बाप तुमच्यावर ओरडायचा. आता कोणाचा आवाज म्हणून येत नाही. माणसं घरात आहेत की बाहेर गेलीत, तेच मला कळत नाही."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी मुलीला म्हटले, "अग, तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते, बाबा. तुम्ही म्हणालात, 'हळू बोल, आजी झोपलीय.'"

मी त्याच रात्री बहिणीला फोन लावला आणि तो स्पीकरसमोर धरला. गाणे संपले तरी ती बोलेना. मग म्हणाली, "दादा, ही तर आपली आई."

नवे स्पीकर घेतले नाहीत. यंदा आईमागची पहिली दिवाळी. आमच्याकडे कंदील नाही, आणि फराळ शेजारपाजारून येईल तेवढाच. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे खोक्यातून गाणी लागतील, ती ओसरीपर्यंत ऐकू जातील अशी. मुलांवर ओरडण्याचे काम माझ्याकडे आहे. भांडी आपण पूर्वीसारखीच आपटू, असे हिनेही कबूल केले आहे.