दहा हंडे पाणी

शेणव्याला गेलं की आत्या हमखास विचारते, "तू तिकडे गोदामात नक्की बसवतोस तरी काय?" आजवर "आग विझवायचे पाईप" एवढं मोघम सांगून मी सुटत आलो. पण आता आपल्याकडची बरीच मुलं पडघा-भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात, काही तर रात्रपाळीला. त्यांच्यापैकी काहीजण हे ब्लॉगचं पानही वाचतात (निदान वाचतो असं म्हणतात!). तेव्हा एकदा नीट लिहून टाकतो.

गोदामाच्या छताखाली पाण्याने भरलेले पाईप असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर स्प्रिंकलर. त्यात लाल द्रवाची काचेची बारीक कुपी असते, ती साधारण ६८ अंशाला फुटते आणि पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम उडत नाहीत बरं का, जो तापला तोच फुटतो. पाणी वाहायला लागलं की खाली मुख्य व्हॉल्व्हमधली झडप उचलली जाते आणि थोडं पाणी बाजूच्या एका बारीक पाईपमध्ये शिरतं. ही अलार्म लाईन. एरवी ती कोरडी असते, दाब शून्य. तिच्या टोकाला दोन गोष्टी असतात. एक घंटा, जी पाण्याच्या धारेने चक्र फिरून वाजते. तिला वीज लागत नाही, आणि याचं महत्त्व लोडशेडिंग भोगलेल्या शहापूरकरांना मी काय सांगावं! दुसरा प्रेशर स्विच. घंटा बाहेरच्या भिंतीवर वाजणार, ती ऐकणार कोण? म्हणून हा मुठीएवढा स्विच पॅनेलला कळवतो की कुठेतरी पाणी सुटलंय. त्याला ४ ते ८ पीएसआय एवढा दाब पुरतो, म्हणजे पाव ते अर्धा बार.

बसवणं अवघड नाही. स्विच उभा बसवायचा. टेफ्लॉन टेप फक्त बाहेरच्या आट्यांवर, तीही पहिला आटा सोडून, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन भोक बुजतं. पाना खालच्या षटकोनावर लावायचा, डबी हातात धरून पिळायची नाही. वायर आत शिरते ते तोंड नीट बंद करायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात नाहीतर आत पाणी साचून टर्मिनल हिरवी पडतात.

खरी गोम वायरिंगमध्ये आहे. पॅनेलकडून दोन तारा येतात आणि लाईनच्या शेवटच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर लावलेला असतो. त्यातून सतत जरासा प्रवाह फिरत राहतो. स्विच मिटला की प्रवाह वाढतो, पॅनेल म्हणतं आग. तार तुटली की प्रवाह थांबतो, पॅनेल म्हणतं फॉल्ट. म्हणजे आग नसतानाही "मी शाबूत आहे" हे तार दर क्षणी सांगत असते. आता पुढे आणखी स्विच असतील तर काही वायरमन काय करतात, तार न कापता तिचं थोडं कव्हर सोलतात, स्क्रूखाली वेढा घालतात आणि पुढे नेतात. काम पटकन होतं. पण उद्या तो स्क्रू सैल होऊन तार निसटली तरी ती अखंडच आहे, प्रवाह फिरतोच आहे! पॅनेलवर हिरवा दिवा, आणि स्विच मात्र लाईनच्या बाहेर. म्हणून तार कापायची, येणारी वेगळी आणि जाणारी वेगळी धरायची.

याहून वाईट प्रकार मी एका जुन्या साईटवर पाहिला. वारंवार फॉल्ट दाखवतो म्हणून कुणीतरी रेझिस्टर थेट पॅनेलच्या पोटातच बसवून टाकला होता. बाहेरची तार उंदराने खाल्ली होती आणि पॅनेल खुशाल "नॉर्मल" सांगत होतं. तिथे रात्री माळ्यावर सात-आठ हमाल झोपायचे.

दुसरी भानगड खोट्या घंटेची. पंप चालू-बंद होताना दाब वरखाली होतो, झडप क्षणभर उचलते. त्यासाठी अलार्म लाईनवर एक भांडं असतं, तळाला बारीक भोक असलेलं. थोडं पाणी आलं तर गळून जातं. ते भोक गाळाने बुजलं की रात्री-अपरात्री बोंब सुरू, आणि मग रखवालदार सरळ कॉक बंद करतो. मला त्याचा राग येत नाही. तीन रात्री झोपमोड झाली तर मीही तेच करीन. पण कॉक बंद म्हणजे स्विच कोरडा, आणि भोक साफ करायला लागतात पाच मिनिटं.

हे सगळं चालतंय का ते पाणी सोडल्याशिवाय कळत नाही. लाईनच्या दूरच्या टोकाला टेस्टचा व्हॉल्व्ह असतो, तो उघडला की एक स्प्रिंकलर फुटल्याएवढं पाणी वाहतं. नेहमीच्या स्प्रिंकलरमधून एका बारला मिनिटाला ८० लिटर. दाब चौपट झाला तर पाणी दुप्पट. दोन मिनिटं धरली तरी एकशे साठ लिटर, म्हणजे दहाएक हंडे. हे ऐकून आत्या म्हणाली, "आणि ते गटारात सोडता?" भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत बसतात. तिला काय उत्तर देणार?

गोदामवालेही एप्रिलमध्ये हेच कारण सांगतात, टँकरचं पाणी आहे, टेस्ट नको. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही. मुख्य व्हॉल्व्हजवळ एक छोटा टेस्ट कॉक असतो, त्यातून थोडक्या पाण्यात स्विच आणि घंटा तपासता येते. मात्र झडप उचलते की नाही ते त्यातून कळत नाही, त्यासाठी ते दहा हंडे सोडावेच लागतात. म्हणून नवीन कामात मी टेस्टचं पाणी पुन्हा टाकीत जाईल असा परतीचा पाईप नकाशातच मागून घेतो. खर्च वाढतो म्हणून तो बहुतेकदा सगळ्यात आधी कापला जातो. मग तिथे आम्ही दोनशे लिटरचा ड्रम लावतो, आणि टेस्ट संपायच्या आत हमाल मंडळी बादल्या घेऊन हजर असतात.