खरी कमाई

रविवारची सकाळ नेमकी कोणाच्या मालकीची, याचा निकाल अजून कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. गृहिणी म्हणतात, ती घरातली जळमटे काढण्याची. शिकवण्या घेणारे म्हणतात, ती गणिताच्या जादा तासाची. न्हावी म्हणतो, ती माझी. या सगळ्या हक्कदारांच्या रांगेत अगदी शेवटी, गळ्यात स्कार्फ आणि खिशात शिट्टी घालून, गेली अकरा वर्षे मी उभा आहे. मला त्या सकाळीतले फक्त दोन तास हवे असतात, तेही औरंगपुऱ्यातल्या वीस-बावीस मुलांसाठी.

आठवड्याचे सहा दिवस मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सातव्या दिवशी दोरीला गाठी मारायला शिकवतो. गणवेशात बाहेर पडलो की निराला बाजारच्या कोपऱ्यावर एखादा विद्यार्थी हमखास भेटतो. तो मला ओळखतो, पण ओळखल्याचे दाखवावे की नाही, हे त्याला कळत नाही. आमच्या प्राध्यापक-कक्षातले एक विनोदी स्नेही तर दर सोमवारी विचारतात, "काय सर, काल कोणता किल्ला घेतला?" मी सांगतो, "किल्ला नाही, हजेरी घेतली." आणि हे उत्तर विनोदाचे नसून वस्तुस्थितीचे असते. स्काऊट मास्तराच्या कामात साहस थोडे आणि हजेरी फार.

'स्काऊट'ला आपल्या जुन्या मंडळींनी 'बालवीर' असा शब्द केला. भाषेचा माणूस म्हणून मला तो आवडतो. मास्तर म्हणून त्याची थोडी भीती वाटते. वीर म्हटला की घोडा आला, तलवार आली. आमच्या वीराचे पहिले कर्तव्य वेळेवर येणे आणि दुसरे, बुटाची नाडी स्वतः बांधणे. मूळ शब्दाचा अर्थ पुढे जाऊन टेहळणी करून येणारा. 'टेहळ्या' हा शब्द अधिक नेमका झाला असता. पण 'माझा मुलगा टेहळ्या आहे' असे कोणती आई हौसेने सांगेल?

या चळवळीचा जन्म मोठा सुरेख आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नावाचे एक बेट आहे. तिथे ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे पहिले शिबिर भरवले. त्यांत काही मुले ईटन-हॅरोसारख्या उंची शाळांतली होती, तर काही जवळच्या बोर्नमथ आणि पूल या गावांतल्या कामकरी घरांतली. संघ पाडताना साहेबाने दोघांची सरमिसळ करून टाकली. हिंदुस्थानात ही चळवळ १९०९ साली आली, पण गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. आपल्या मुलांना दार बंद. तेव्हा अॅनी बेझंट यांनी मद्रासेत वेगळी संघटना काढली आणि उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाइड्स' ही एक संस्था झाली आणि दार सर्वांना उघडे झाले. कागदोपत्री उघडे, एवढेच मी म्हणेन. प्रत्यक्षात ते दर रविवारी पुन्हा उघडावे लागते आणि त्यासाठी घरोघर हिंडावे लागते.

आमचे पथक कोणत्याही शाळेचे नाही, खुले आहे. त्यामुळे त्यात वकिलाचा मुलगा आहे, शिंप्याचा आहे, डॉक्टरांचा आहे आणि रस्त्याकडेला बसणाऱ्या भाजीवाल्याचाही आहे. मुले गैरहजर राहिली की मी कारणांची नोंद ठेवतो. वर्षाच्या शेवटी ती वही वाचली तर शहराचा इतिहास हाती लागतो. पहिले कारण पाणी. आमच्या शहराला जायकवाडीहून पाणी येते खरे, पण कित्येक वर्षे ते नळाला रोज आलेले नाही. काही दिवसांनी एकदा आले आहे. त्या दिवशी घरातला प्रत्येक हात बादलीला लागतो. "आज नल कू पानी है सर, बच्चा नै आता," असे एका वडिलांनी दारातूनच सांगितले, आणि त्यावर वाद घालण्याचे धैर्य बेडन-पॉवेललाही झाले नसते. दुसरे कारण शिकवणी. तिसरे, गणवेश वाळला नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येक पालकाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: "याचे दहावीला किती गुण मिळतात?"

घरातली वडीलधारी माणसे वेगळ्याच कारणाने खट्टू होतात. स्काऊट हस्तांदोलन करतात ते डाव्या हाताने. आफ्रिकेतल्या अशांती लोकांची एक कथा यासाठी सांगतात: उजव्या हातात शस्त्र, डाव्या हातात ढाल, ढाल खाली ठेवून डावा हात पुढे करणे म्हणजे समोरच्यावर पूर्ण विश्वास टाकणे. ही कथा मी एका आजीबाईंना रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मास्तर, विश्वास टाका, पण उजव्या हातानं टाका." याच आजीबाईंच्या नातवाला रीफ नॉट शिकवताना मला आणखी एक गंमत आठवे. ती गाठ उलटी पडली की इंग्रज तिला 'आजीची गाठ' म्हणतो, म्हणजे न टिकणारी. आमच्या आज्यांनी पोथीच्या बासनाला मारलेली गाठ त्या इंग्रजाने कधी पाहिली नसावी.

दिवाळीच्या आधीचा एक रविवार आम्ही भाजण्यावरच्या प्रथमोपचाराला देतो. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाक्यांच्या बाजाराला आग लागली आणि दुकानांच्या रांगाच्या रांगा जळाल्या. त्यामुळे इथल्या मुलांना आग म्हणजे काय, हे चित्र काढून दाखवावे लागत नाही. भाजलेल्या जागी वीस मिनिटे थंड पाणी, बोटातली अंगठी सुजण्यापूर्वी काढायची, टूथपेस्ट लावायची नाही, फोड फोडायचा नाही. "वाहते पाणी" असे मी म्हणालो की एक तरी मुलगा विचारतो, "सर, नळाचा दिवस नसला तर?" तर बादली घ्यायची आणि तांब्याने सावकाश ओतत राहायचे. पुस्तकात तांब्या नाही. आमच्या पथकात आहे.

पण मला सांगायचे आहे ते खऱ्या कमाईविषयी. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: वर्षातून एकदा मुलांनी गणवेश घालून लोकांकडे जायचे, अंगमेहनतीचे काम मागायचे, मिळेल तो मोबदला घ्यायचा आणि पै-पैच्या हिशेबासह पथकात जमा करायचा. ही वर्गणी नाही, देणगीही नाही. हल्ली पुष्कळ शाळांतून खरी कमाई म्हणजे मैदानावर भेळ आणि वडापावाचे स्टॉल. बेसन आईचे, तेल वडिलांचे, गिऱ्हाईक मामा-मावशी आणि कमाई मुलाची! मला हे पटत नाही. आम्ही दारोदार जातो.

दारोदार गेल्यावर कळते की औरंगपुऱ्यात पैसे मिळणे सोपे आणि काम मिळणे कठीण. दार उघडणाऱ्या बाई मुलांचे स्कार्फ पाहून हरखतात, पन्नासाची नोट पुढे करतात आणि म्हणतात, "काम कसलं सांगायचं रे बाळांनो, तुम्ही का कामाला आलात!" मुले म्हणतात, "काकू, काम दिल्याशिवाय पैसे घेता येत नाहीत." काकूंना हा आगाऊपणा वाटतो. याच्या अगदी उलट एक निवृत्त सद्गृहस्थ. त्यांनी तीन मुलांकडून आपला माळा झाडून घेतला, सत्तावीस वर्षांची वर्तमानपत्रे खाली उतरवून घेतली आणि दोन तासांनी तिघांत मिळून पाच रुपये दिले. ती तिघे काळीठिक्कर होऊन परत आली. त्या दिवशी सर्वांत जास्त खूश तीच होती.

या कार्यक्रमाला एक मुलगा कधी येत नसे: भाजीवाल्याचा. एरवी त्याच्याइतका नेमाने येणारा कोणी नाही. गरुड संघाचा तो संघनायक. मी कारण विचारले तेव्हा तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "सर, ते तर मी रोजच करतो." तक्रारीचा सूर त्यात नव्हता. त्याने फक्त माहिती दिली. पहाटे वडिलांबरोबर जाधववाडीच्या बाजारातून माल आणायचा, ताडपत्री बांधायची, भाजी निवडून मांडायची, मग शाळा. हा त्याचा दिनक्रम. वहीत त्याच्या नावापुढे काय लिहावे, हे मला सुचले नाही. ती जागा मी कोरी ठेवली.

गेल्या वर्षी त्याचे तृतीय सोपान चाचणी शिबिर नेमके दिवाळीच्या आठवड्यात आले. तीन दिवस बाहेर राहायचे होते. मी संमतिपत्र घेऊन त्याच्या वडिलांकडे गेलो. ते झेंडूची पोती उसवत होते. हात न थांबवता त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"सर, लेकरू तुमच्याकडं येतं, त्याचं चांगलं होतंय, हे मला दिसतंय. पण दिवाळीच्या हप्त्यात दोन हात कमी पडले तर मी कुठून आणू?"

"तीनच दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"तुमचे तीन दिवस, माझा वर्षाचा हंगाम हाय. तुमच्या कॉलेजात परीक्षेच्या दिवशी पोरगं सुट्टी मागाया आलं तर देता का?"

महाविद्यालयात वीस वर्षे काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येईना. मी संमतिपत्र घडी करून खिशात घातले आणि एक किलो वांगी घेऊन घरी आलो.

पुढच्या रविवारी गरुड संघाने आपली बैठक भरवली. संघाच्या बैठकीत मास्तराने बसायचे नसते. तो नियम चांगला आहे, पण पाळताना फार जीव जातो. मी दूर शिसवीच्या झाडाखाली उभा राहून क्रिकेटवाल्यांचा चेंडू चुकवीत होतो. अर्ध्या तासाने मुले आली. संघातले तिघे शिबिराला जाणार होते, चौघे मागे राहणार होते. त्या चौघांनी तीन दिवस पहाटे भाजीच्या दुकानावर उभे राहायचे, असे ठरले होते. चौघांत डॉक्टरांचा मुलगा होता आणि वकिलांचाही. घरून परवानगी मिळवण्याचे काम अर्थात माझ्याकडे. एका आईने विचारले, "सर, भाजी विकून हा काय शिकणार?" मी म्हणालो, "हिशेब." गणिताच्या शिकवणीची फी त्या भरत होत्या, त्यामुळे तो मुद्दा त्यांना पटला असावा.

भाजीवाल्यांनी लगेच होकार दिला नाही. "आधी एक दिवस बघू," म्हणाले. त्या रविवारी साडेपाचला चौघे हजर. आम्ही एरवी आठची वेळ देऊनही सव्वाआठपर्यंत ज्यांची वाट पाहतो, तीच ही मुले. टेम्पोतून पोती उतरली. मुलांनी झेंडू निवडला, पाणी मारले, कोथिंबिरीच्या जुड्या लावल्या. डॉक्टरांच्या मुलाने ताडपत्रीच्या बांबूला पुस्तकातले चौरस बंधन असे घट्ट आवळले की मीच मनात शाबासकी दिली. आमच्या संघनायकाने ते पाहिले, सगळे सोडले आणि स्वतःची एक गाठ मारली. "चांगलं बांधलं होतं," तो म्हणाला, "पण अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की एका झटक्यात सुटलं पाहिजे." त्याने दोरीचे टोक ओढले, सगळी गाठ क्षणात उकलली. पुन्हा बांधली, हत्तीने ओढली असती तरी सरकली नसती. मग चौघेही ती गाठ शिकत बसले आणि वांग्यांचे गिऱ्हाईक खोळंबले.

नऊ वाजता वडिलांनी हिशेब केला. तिघांना चाळीस-चाळीस रुपये दिले. वकिलांच्या मुलाला पस्तीस. त्याने एका बाईंना सुटे पैसे देताना पाच रुपये जास्त दिले होते. तो काही बोलला नाही. नोट घडी करून खिशात ठेवली. पण मैदानावर आल्यावर त्याने ते पस्तीस रुपये सगळ्यांना दाखवले. चाळीसवाल्यांनी आपले दाखवले नाहीत. मी वहीत 'खरी कमाई' या सदराखाली एकूण एकशे पंचावन्न रुपये जमा लिहिले. कोऱ्या ठेवलेल्या जागेत संघनायकाचे नाव लिहून पुढे 'काम दिले' असा शेरा मारला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यावर शाईने प्रश्नचिन्ह केले आहे. ते तसेच राहू दिले आहे.

संमतिपत्रावर वडिलांनी सही केली. सहीच्या खाली, जिथे काही लिहायचे नसते तिथे, मुलाकडून लिहून घेतले: 'लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत.'

शिबिरात त्याने स्वयंपाक उत्तम केला, तंबू बरा उभा केला, सांकेतिक संदेशात दोन चुका केल्या. गाठींच्या चाचणीत पुस्तकातल्या सगळ्या बांधून झाल्यावर त्याने ती आपली गाठही बांधून दाखवली. परीक्षकांनी नाव विचारले. "मंडईची गाठ," तो म्हणाला. परीक्षकांनी तिला गुण दिले नाहीत, पण दोनदा बांधून घेतली.

मी त्याला पावणेपाचला औरंगपुऱ्यात आणून सोडले. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चौघांपैकी दोघे अजून दुकानावर होते. एकाचा आवाज बसला होता. वडिलांनी वर पाहिले, समोरच्या दुकानातल्या घड्याळाकडे पाहिले आणि त्याच्या पाठीवरची पिशवी उतरायच्या आतच त्याच्यापुढे तराजू सरकवला.