मूर्तिजापूरचा मुक्काम

दूरच्या प्रवासास एकट्याने निघालेल्या मनुष्यास वाटेत कोठे मुक्काम पडला, म्हणजे त्यास एक प्रश्न हटकून विचारला जातो: "कोठले आपण? काय करता?" घरी हा प्रश्न आपणांस कोणी घालीत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांस ठाऊक असते, कित्येकदा आपल्यापेक्षाही अधिक. परगावी मात्र आपण जे सांगू तेच आपण. ही सत्ता केवढी मोहक असते ह्याचा अनुभव आम्हांस १९९३ सालच्या आषाढात मूर्तिजापूरच्या स्टेशनावर आला. तो आजवर आम्ही कोणापाशी बोललेलो नाही.

मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर अकोल्याच्या पुढे आणि बडनेऱ्याच्या अलीकडे मूर्तिजापूर लागते. तेथून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे फुटत. एक दक्षिणेस यवतमाळपर्यंत, एकशे तेरा किलोमीटर. दुसरा उत्तरेस अचलपूरपर्यंत, सुमारे शहात्तर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या मार्गावर आणून टाकण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन ह्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कंपनीने ते घातले होते. तीवरून जाणाऱ्या गाडीस लोक लाडाने 'शकुंतला' म्हणत. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आणि तिची चाल अशी की, वाटेत उतरून हरभऱ्याचा डहाळा उपटावा व पुन्हा डब्यात चढावे, असे लोक थट्टेने म्हणत.

आम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे होतो. इंग्रजी घेऊन नुकतेच एम.ए. झालो होतो, आणि अचलपूरच्या बाजूस एका महाविद्यालयात मुलाखतीस निघालो होतो. ही आमची तिसरी मुलाखत. पहिल्या दोहोंचा निकाल सांगण्यासारखा नव्हता. मुंबईची गाडी चार तास उशिरा पोचली. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, पाऊस लागला होता, आणि छोट्या फलाटावर एका चहाच्या टपरीखेरीज कोठे दिवा नव्हता.

"अचलपूरची गाडी?" आम्ही विचारले.

"गाडी त गेली ना बाप्पा! आता सकायीच." टपरीवाल्याने बाकावरील पाणी फडक्याने पुसून आम्हांस बसावयास जागा केली, चहा ओतला, आणि मग तो प्रश्न आला. "काय करता तुमी, भाऊ?"

'नोकरीच्या शोधात आहोत' हे उत्तर सत्य होते. परंतु सहाशे किलोमीटरांचा शीण, भिजलेले कपडे आणि मागल्या दोन मुलाखतींची आठवण ह्यांनी आमची जीभ अडली. ओळखीचे कोणी नाही, सकाळी आपण येथून जाणार. मग काय हरकत? आम्ही म्हणालो, "प्राध्यापक आहोत. इंग्रजी शिकवतो."

टपरीवाला उभाच राहिला. "सर होय का तुमी!" आमच्या हातातला पेला त्याने परत घेतला, विसळला, आणि अधिक दुधाचा चहा नव्याने करून दिला. मग आत डोकावून हाक मारली. पंधरासोळा वर्षांचा एक मुलगा पोत्यावरून डोळे चोळीत उठून बाहेर आला. "आमचं पोट्टं. धाव्वीत इंग्रजीत नापास झालं. आक्टोबरले बसाचं हाय. थोडंसं सांगा ना त्याले."

लेखात आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतो ही जुनी खोड वाचकांनी सोसलीच आहे. त्या रात्री मात्र हे बहुवचन अक्षरशः खरे होते. त्या बाकावर आम्ही दोघे बसलो होतो: एक उमेदवार आणि एक प्राध्यापक.

दुसऱ्याने शिकवावयास प्रारंभ केला. दिव्याभोवती पावसाळी किडे घोंगावत होते, ते वहीच्या पानांवर पडत, आणि मुलगा त्यांना पुस्तकाने झाडून टाकी. त्याचे डोके मुळीच मंद नव्हते. त्यास कोणी 'का' हे सांगितले नव्हते, एवढेच. कर्मणी प्रयोग झाला, विधाने दुसऱ्याच्या तोंडून सांगण्याचे नियम झाले. भूतकाळी क्रियापदाच्या मागे सारे वाक्य भूतकाळात कसे जाते, हे आम्ही अगदी ऐटीत सांगितले. वहीत एक वाक्य होते: शिक्षक म्हणाले, 'द अर्थ मूव्ज राउंड द सन.' मुलाने ते 'मूव्ज' तसेच ठेवले होते. आम्ही ते खोडून 'मूव्ड' केले. तो किंचित अडखळला, पण बोलला नाही. प्राध्यापकापुढे काय बोलणार!

मध्यरात्रीच्या सुमारास ज्वारीची भाकरी, झुणका आणि मिरच्यांचा ठेचा आमच्यापुढे आला. तो त्या बापलेकांच्या वाट्याचा होता, हे आम्हांस दिसत होते. तरी आम्ही जेवलो. सकाळी पैसे देऊ लागलो तेव्हा टपरीवाला दुखावल्यासारखा झाला. "मास्तराजोळून पैसे घेतेत काय कोनी?"

गाडी सुटली. दोन्ही बाजूंस काळी ओली जमीन आणि नुकतीच उगवलेली कपाशी. तासभर गेला असेल नसेल, आणि एकाएकी आम्हांस आठवले: जे त्रिकालाबाधित सत्य असते, त्याचा काळ बदलत नाही! हा नियम शाळकरी मुलासही ठाऊक असतो. त्या मुलास तर होताच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, आणि फिरतच राहणार. आम्ही मात्र तिचे फिरणे त्या वहीत भूतकाळात जमा करून आलो होतो. डब्यातून उडी टाकण्याइतकी गाडी खरोखर हळू चालली होती. आम्ही टाकली नाही.

ती जागा दुसऱ्यास मिळाली. परतताना आम्ही एस.टी.ने अमरावतीस आलो आणि बडनेऱ्यास गाडी धरली. तो मार्ग सोयीचा होता हे खरे. मूर्तिजापूर टळत होते, हे त्याहून खरे.

पुढे यथाकाल आम्ही प्राध्यापक झालो. एकदा गाडगे महाराजांविषयी वाचीत असता ध्यानात आले की, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या ह्या पुरुषाचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामाच्या घरी गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा, आणि खाण्यापिण्यास मातीचे गाडगे. अनोळखी गावी शिरून ते निमूटपणे रस्ता झाडू लागत. लोक त्यांस वेडा किंवा भिकारी समजत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारणारा हाच मनुष्य, हे त्या झाडणाऱ्याकडे पाहून कोणाच्या ध्यानात यावे? परगावच्या अनोळखीपणाचा लाभ त्यांनीही घेतला आणि आम्हीही घेतला. ते आपण होतो त्याहून कमी झाले. आम्ही काय झालो, ते वर सांगितलेच आहे. पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून होतो. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीच्या वाटेवर वलगावाजवळ, प्रवासातच त्यांचा अंत झाला. आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे.

त्यानंतर नागपूरच्या गाडीने कितीदा जाणे झाले, परंतु मूर्तिजापूर आले की आम्ही वर्तमानपत्र उघडीत असू. गतवर्षी मात्र काही काम नसता तेथे उतरलो. 'शकुंतला' बंद होऊन काही वर्षे लोटली आहेत. रुळांत गवत वाढले होते. ती टपरी नव्हती, आणि जवळच्या दोघाचौघांस विचारले तर बापलेकांचा कोणास पत्ता नव्हता. नाव तरी कोठे ठाऊक होते, की त्यावरून चौकशी करावी! त्यांनी आमचे विचारले नव्हते, आम्ही त्यांचे.

बाहेर रस्त्यावर एका तरुणाने चहा दिला. "काय करता, काका?" त्याने विचारले.

"इंग्रजी शिकवतो," आम्ही म्हणालो.

"हाव काय," तो म्हणाला, आणि चहाचे दहा रुपये त्याने मागून घेतले. आम्हांस फार बरे वाटले.